पवनेच्या काठी कुत्र्यासह एक रात्र: तंबू नंतर, आधी काठ बघा

लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चार किल्ल्यांच्या मधल्या खोलगट भागात पवना धरणाचं पाणी पसरलंय. पुण्या-मुंबईकडच्या कुत्रा पाळणाऱ्यांना डोंगरातल्या तलावाकाठी रात्र काढायची तर आजघडीला सगळ्यात सोयीची जागा हीच. पुण्याहून कामशेत-पवनानगरमार्गे दीड-दोन तास, मुंबईहून लोणावळ्यावरून दुधिवरे खिंडीतून खाली. काठाने तंबूंच्या रांगा लागलेल्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटीही असते. हे परीक्षण कुठल्या एका कॅम्पचं नाही. कुत्र्याला घेऊन पवनेच्या काठी एक रात्र राहणं हा जो सगळा प्रकार विकला जातो, त्याचं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी, आठवड्याच्या मधला दिवस आणि नीट पारखून घेतलेला काठ, एवढं जमलं तर पाचपैकी चार तारे. मे महिन्यातल्या शनिवारी मात्र दीडच.

हा फरक पाण्याच्या पातळीमुळे पडतो आणि जाहिरातीत तो कुठेच दिसत नाही, कारण सगळे फोटो धरण भरलेलं असतानाचे. धरणात साधारण साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. पावसाळ्यात ते भरतं, मग वर्षभर नदीत सोडत राहतात आणि रावेतहून तेच उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं. त्यामुळे दिवाळीपासून पुढे काठ सतत मागे सरकत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी गवताला टेकलेलं असतं, तंबूपासून थोड्या पावलांवर, आणि पायाखाली घट्ट जमीन. फेब्रुवारीनंतर गवत आणि पाणी यांच्यामध्ये मुरमाचा, अणकुचीदार दगडांचा पट्टा उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्याच्याही पुढे चिखल येतो, वरून वाळून भेगाळलेला आणि आतून ओला. बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांची खोडं वर येतात. वर्षातला बराच काळ पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिरही उन्हाळ्यात उघडं पडतं. ते बघायला माणसांनी जरूर जावं, पण कुत्र्यासाठी हाच सगळ्यात वाईट काळ. चिखलाचा वरचा पापुद्रा पायाखाली फुटतो, पुढचे पाय कोपरापर्यंत रुततात, तो घाबरून जोर लावतो आणि आणखी रुततो. अशा वेळी मालकाने धावत आत जायचं नाही. घट्ट जमिनीवर उभं राहून, हार्नेसला लावलेल्या लांब दोरीने त्याला तिरपं, कडेच्या दिशेने ओढायचं. सरळ वर ओढलं तर खांद्याला इजा होते.

पावसाळ्याचा विचारच करू नका. त्या दिवसांत जिल्हा प्रशासन मावळातल्या धरणं-धबधब्यांच्या परिसरात मनाई आदेश काढतं. नसला तरी काठाची माती तेव्हा ढासळती असते, पाणी गढूळ असतं आणि गोचिडांचा हंगाम जोरात असतो.

जाहिरातींमध्ये ठाकूरसई, आंबेगाव, फांगणे, ब्राह्मणोली, आपटी, अजिवली अशी गावांची नावं येतात. गावावरून काही ठरवता येत नाही. एकाच गावाच्या हद्दीत एका शेताचा उतार सपाट असतो आणि शेजारच्याचा बांध सरळ पाण्यात कोसळलेला असतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. “दादा, आज पाणी तंबूपासून किती लांब आहे? आत्ताचा एक व्हिडिओ पाठवता का?” असं विचारा. ज्याची जागा चांगली आहे तो दहा मिनिटांत व्हिडिओ पाठवतो. जुने फोटो पुढे ढकलणाऱ्याचा काठ दूर गेलेला असतो, हे बहुतेक वेळा खरं निघतं. मग विचारा की कुत्रा तंबूच्या आत झोपलेला चालेल का. ‘पेट फ्रेंडली’चा अर्थ काही ठिकाणी ‘बाहेर खुंटीला बांधा’ एवढाच असतो, आणि मावळात बिबट्याचा वावर असताना कुत्र्याला रात्री बाहेर बांधणं म्हणजे त्याला आमिष म्हणून ठेवणं. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच फोन ठेवा. कॅम्पवर त्यांची स्वतःची किती कुत्री आहेत आणि त्यांना रेबीजची लस दिली आहे का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. जेवणाच्या उरलेल्या हाडांवर वाढलेली पाच-सहा कुत्री आपल्या हद्दीत आलेल्या पाहुण्याचं स्वागत करत नाहीत. शेवटचा प्रश्न स्पीकरचा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, पण शनिवारच्या गर्दीत सगळीकडे ती पाळली जाते असं नाही. ३१ डिसेंबरला तर फटाकेही वाजतात. फटाक्याला घाबरून दोरी तोडून पळालेला कुत्रा अनोळखी डोंगरात रात्री सापडत नाही. ती रात्र घरीच काढावी.

दर माणशी साधारण हजार ते दीड हजार. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, शेगडीवरचं बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे. कुत्र्याचे वेगळे पैसे काही जण घेतात, काही घेत नाहीत. ते पैसे कशाचे, हे विचारलं तर सहसा उत्तर मिळत नाही, कारण त्या बदल्यात पाण्याचं भांडंसुद्धा मिळत नाही. तरी कडेचा, इतरांपासून पंधरा-वीस मीटर दूर असा तंबू मिळणार असेल तर पैसे वसूल.

काठावर पोचलात की कुत्र्याला लगेच सोडू नका. एकाने त्याच्याजवळ सावलीत थांबायचं, दुसऱ्याने काठ चालून बघायचा. जनावरांच्या खुरांचे ठसे शोधा. ठसा बोटभर खोल आणि कडा शाबूत असतील तर जमीन भरवशाची. वीतभर खोल, आत पाणी साठलेलं आणि कडा ढासळलेल्या असतील तर तिथे कुत्रा रुतेल. म्हशी जिथून पाण्यात उतरतात तिथला उतार हमखास सौम्य असतो, पण शेण-मूत आणि गोचीड तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून ती जागा खूण म्हणून धरायची आणि तसाच उतार शंभरेक पावलं पुढे जाऊन शोधायचा. मग काठी घेऊन स्वतः घोट्याभर पाण्यात उभं राहून पुढे टोचत बघायचं. काठी एकदम खाली गेली तर तिथे जुना बांध संपतो आणि खड्डा सुरू होतो. पवनेत माणसं बुडतात त्यामागे हेही एक कारण असतं. पाणी वरून शांत दिसतं आणि तळाची जमीन पायऱ्यांसारखी अचानक तुटते. कुत्र्याला खोलीची भीती नाही, पण तो जिथून उतरला तिथूनच त्याला वर येता आलं पाहिजे. दमलेला कुत्रा उभ्या कडेवर पुढचे पाय आपटत राहतो आणि तिथेच संपतो.

पाण्यावर ओळीने थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली मासेमारीचं जाळं आहे असं समजा. त्या बाजूला अजिबात नाही. जाळ्यात पाय अडकलेला कुत्रा गोल फिरतो आणि आणखी गुंडाळला जातो. गळ टाकून बसलेल्यांनी सोडलेले हूक आणि पिठाच्या गोळ्या काठावर पडलेल्या असतात. हूक गिळला आणि तोंडातून दोरा लोंबत असला तर तो ओढायचा नाही, कापायचाही नाही. दोरा तसाच पट्ट्याला बांधून थेट डॉक्टर गाठायचा. त्या दोऱ्याच्या आधारानेच हूक काढणं सोपं जातं. पाण्यावर हिरवट, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर पिऊही द्यायचं नाही आणि पोहूही. असं शेवाळ विषारी असू शकतं. प्यायला घरचंच पाणी न्या. मध्यम आकाराच्या कुत्र्याला एका मुक्कामाला तीन-चार लिटर पुरतं, लॅब किंवा जर्मन शेफर्डला पाच-सहा धरा.

जलसंपदा खात्याची ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी जिथे आहे तिथे ती कुत्र्यालाही लागू आहे. हे एका शहराचं पिण्याचं पाणी आहे. काठावर शाम्पू लावून कुत्रा धुणारे लोक दिसतात, ते मनापासून चीड आणणारं आहे. विष्ठा पिशवीत भरायची आणि गाडीतून परत न्यायची. कॅम्पच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली तर ती बहुधा मागच्या ओढ्यातच जाते.

आता सामान. लाइफ जॅकेट लॅबलाही हवं. पोहता येणं आणि दमल्यावर तरंगत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पग, फ्रेंच बुलडॉग, डॅशंड यांना तर त्याशिवाय गुडघाभर पाण्याच्या पुढे नेऊच नका. पग आणि फ्रेंच बुलडॉगचं डोकं जड, नाक बसकं, डॅशंडचे पाय आखूड, म्हणजे बुडायला सगळं अनुकूल. माप घ्यायचं ते पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या सगळ्यात रुंद घेरावर. वजनावरून साइज निवडली की हमखास चुकते, कारण सारख्या वजनाच्या दोन कुत्र्यांची छाती सारखी नसते. ऑनलाइन हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या जॅकेटमध्ये फोम बहुधा फक्त पाठीवर असतो, पोटाखाली नुसता कापडी पट्टा. पाण्यात असं जॅकेट वर सरकतं, कुत्र्याचा मागचा भाग खाली जातो आणि तो उभा पोहायला लागतो, त्यात दम लवकर जातो. छातीखाली आणि गळ्याखालीही फोम असलेलं घ्या, पोटाला दोन पट्टे असलेलं घ्या. रफवेअरचं फ्लोट कोट या बाबतीत उत्तम आहे, किंमत जास्त असली तरी पाठीवरची मूठ आणि बकल खरोखर मजबूत.

कुठलंही घेतलं तरी घरी एक तपासणी कराच. जॅकेट घालून पट्टे आवळा, पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जातील एवढंच सैल. मग मूठ धरून कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवरून हलके उचला. जॅकेट मानेकडे सरकलं किंवा पुढचा पाय गळ्याच्या पट्ट्यात अडकला तर माप चुकलंय. बगलेत कापड घासतं का हेही बघा. ओल्या कापडाने अर्ध्या तासात तिथली कातडी सोलली जाते. पहिल्यांदा जॅकेट घातल्यावर बरेच कुत्रे पुतळ्यासारखे उभे राहतात, म्हणून आठवडाभर आधीपासून घरी जेवणाच्या वेळी घालायची सवय लावा.

दोरी दहा मीटरची. रबरासारखा लेप असलेली पट्टी सगळ्यात चांगली, पाणी शोषत नाही, चिखल पुसला की गेला. सुती दोरी भिजली की जड होते. बारीक नायलॉनची दोरी हात कापते. आपोआप गुंडाळणारी लीश इथे कामाची नाही. वाळू-चिखलाने तिचा ब्रेक अडकतो, आणि तिचा बारीक दोर कुत्र्याच्या मांडीभोवती आवळला तर कातडी फाटते. लांब दोरी नेहमी हार्नेसला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. पाण्यात सोडताना दोरीच्या टोकाचा हाताचा फास काढून टाका, तो बुडालेल्या खोडात अडकतो. दोरी हवीच, कारण काठावर शेळ्या चरतात. शेळीमागे धावलेला कुत्रा हाकेला परत येत नाही, आणि एका शेळीचं नुकसान म्हणजे त्या घराचं मोठं नुकसान. तसं झालं तर वाद न घालता भरपाई द्यावी.

पाण्यातल्या खेळाला वेळ लावा. दहा-पंधरा मिनिटं खेळ, मग तेवढीच विश्रांती, असे तीन फेरे पुष्कळ झाले. चेंडू पुन्हापुन्हा पाण्यातून आणताना कुत्रा प्रत्येक वेळी घोट-दोन घोट पाणी गिळतो. तोंड जितकं उघडं तितकं जास्त. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. आधी तो झोकांड्या जातो, लाळ गाळतो, पोट फुगतं, पाणी ओकतो, डोळे शून्यात लागतात. याला दमणं समजून झोपू दिलं तर जीव जाऊ शकतो. उपाय दवाखान्यातच होतो, म्हणून लगेच निघायचं. गोल चेंडूऐवजी चपटी तरंगती चकती वापरली की तोंड कमी उघडतं आणि पाणी कमी जातं. लॅब आणि गोल्डनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. गार पाण्यात खूप पोहल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या सकाळी शेपूट मुळापासून काठीसारखी दोन-तीन इंच आडवी राहते आणि पुढे लुळी लोंबते, हात लावला तर कळवळतो. शेपूट मोडलेली नसते, तिथले स्नायू आखडलेले असतात. विश्रांतीने चार-सहा दिवसांत बरी होते. दुखणं कमी करायला माणसांची गोळी, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, अजिबात देऊ नका. कुत्र्याला ती घातक ठरते.

दुपारी तीन-चारला तंबू ताब्यात मिळतो तेव्हा हिवाळ्यातही ऊन असतं आणि बंद तंबूच्या आत बाहेरपेक्षा जास्त उकाडा. त्या वेळी कुत्र्याला आत ठेवायचं नाही, एखाद्या झाडाखाली बसवायचं. काठावर झाडं फार नाहीत, म्हणून जुनी सुती चादर आणि चार काठ्या नेलेल्या बऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये गेलात आणि कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, हिरड्या विटकरी लाल झाल्यात, पाय लटपटताहेत असं दिसलं तर आधी जागच्या जागी पोट, मांड्या, बगला यांवर पाणी ओता, टॉवेलने वारा घाला आणि मग गाडी काढा. थंड न करता दवाखान्याकडे धावण्यात मोलाचा वेळ जातो.

रात्र मात्र उलटी. डिसेंबर-जानेवारीत मावळात पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो आणि तलावावरचा वारा ओल्या अंगाला झोंबतो. म्हणून पाच वाजता पाण्यातून कायमचं बाहेर. दोन मोठे सुती टॉवेल आणि एक मायक्रोफायबरचा न्या. आधी पोट आणि पायांच्या बगला पुसायच्या, पाठ शेवटी, कारण बसल्यावर गारवा पोटाला लागतो. कॅम्पवाल्यांची गादी पातळ असते आणि ती आधी बऱ्याच जणांनी वापरलेली असते. कुत्र्यासाठी घडी घातलेली घोंगडी सगळ्यात उत्तम. जमिनीचा गारठा वर येऊ देत नाही, थोडी ओल धरली तरी ऊब राहते. तंबूच्या दाराची जाळी लावा, पण बाहेरचा पडदा वरून चार बोटं उघडा ठेवा. दोन माणसं आणि एक लॅब यांच्या श्वासाने पहाटे आतून पाणी ठिबकतं. नखं आधी कापलेली असावीत. डोम तंबूचं तळाचं कापड पातळ असतं आणि फाटलं तर पैसे तुमच्याकडूनच जातात.

जेवणाची वेळ सगळ्यात धोक्याची, तरी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चिकनची भाजलेली हाडं, सळया, मक्याची कणसं, मॅरिनेशनमधला कांदा-लसूण, सगळं जमिनीच्या पातळीवर अंधारात पडलेलं असतं. कणसाचा बुरखुंडा गिळला तर तो आतड्यात अडकू शकतो, पचत नाही, आणि शस्त्रक्रियेशिवाय सहसा निघत नाही. सळईला मसाला लागलेला असतो म्हणून कुत्रा तीही चावतो. शेजारच्या तंबूतले लोक प्रेमाने तुकडा टाकतात. त्यांना आधीच, नम्रपणे, “त्याला काही देऊ नका, पोट बिघडतं” असं सांगून ठेवा. कुत्र्याचं खाणं घरचंच, नेहमीचंच. पळापळ थांबल्यानंतर तासाभराने, अर्धं-अर्धं करून दोनदा. ग्रेट डेन, डॉबरमन, शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांना पोटभर जेवण आणि लगेच धावाधाव यातून पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ढोलकीसारखं ताणलेलं आणि उलटीचा नुसता उमाळा, बाहेर काहीच नाही, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

रात्री लघवीला नेताना बॅटरी जमिनीवर मारत, पाय आपटत चालायचं. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार चारही इकडे आहेत. दंश झाला तर चावलेली जागा कापायची नाही, आवळून बांधायची नाही. कुत्र्याला चालू न देता उचलून गाडीत ठेवायचं. माणसांना दिली जाणारी प्रतिविषाची लसच कुत्र्यालाही देतात, पण ती सगळ्या प्राण्यांच्या दवाखान्यांत नसते. म्हणून निघण्याआधी घरूनच दोन फोन करून ठेवा: तळेगाव-लोणावळ्यात कोण रात्री उठून येतं, आणि पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात चोवीस तास चालणाऱ्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो आणि रात्री बंद. तलावाच्या काही बाजूंना मोबाइलची रेंज जाते, म्हणून नंबर कागदावरही लिहा.

सकाळ ही या सगळ्या खर्चाची खरी किंमत वसूल करणारी वेळ. सहा ते आठ पाण्यावर धुकं असतं, बाकीचे तंबू झोपलेले असतात, कुत्र्याला काठाने दोन किलोमीटर नाक लावत चालू द्या. त्याला पोहण्यापेक्षाही यात जास्त आनंद मिळतो, हे त्याच्या शेपटीवरून कळतं. तिकोना चढायचा असेल तर याच वेळी. तिकोना पेठेतून तासाभराची चढण, पण शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या आणि उंच आहेत की उतरताना पाठीवर मूठ असलेला हार्नेस लागतोच. लहान किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला नेऊ नये. लोहगड सोडून द्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक, गर्दी मोठी, आणि पायऱ्यांवर माकडं. माकड आणि कुत्रा समोरासमोर आले की माकड पळत नाही. तुंगची वाट अरुंद आणि बाजूला दरी, तिथे तर नकोच. नावेची फेरी किंवा कयाकही कुत्र्यासाठी नाही. तो एका बाजूला झुकला की सगळेच पाण्यात.

पवना नको असेल तर दोन नावं नेहमी सुचवली जातात. महाबळेश्वरचं वेण्णा तळं, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेलं, हवा अप्रतिम, पण काठावर घोडे, नावांची रांग, कणसाच्या गाड्या आणि गर्दी. सकाळी सातच्या आत आखूड लीशवर फेरफटका, इतकंच. कुत्र्याच्या दृष्टीने दोन तारे. भंडारदरा फार देखणं आहे, पण रतनवाडीकडचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात कुत्रा नेऊच नये. डिस्टेंपर, पार्व्हो यांसारखे रोग आपल्या कुत्र्यांकडून कोल्ह्या-लांडग्यांकडे जातात, आणि लस घेतलेला कुत्राही गोचिडांची ने-आण करतो. तिथे तारे द्यायचा प्रश्नच नाही.

आता आजारांचं. लेप्टोस्पायरोसिसचा अंश असलेली लस झालेली हवी. पहिल्यांदा देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि दुसऱ्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे, पुढे दरवर्षी. उंदीर आणि गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात हे जंतू येतात, म्हणून काठावरच्या डबक्यांपासून लांब. गोचिडांसाठी फ्लुरालानर किंवा अफोक्सोलानरची गोळी दोन-तीन दिवस आधी द्या, पण कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. या गोळीने गोचीड चिकटायची थांबत नाही, चावल्यावर मरते. म्हणजे शोधाशोध चुकत नाही.

घरी आल्यावर आधी कोमट पाण्याने आंघोळ, बोटांच्या मधला चिखल काढून. कान कापसाने कोरडे करायचे, कॉटन बड आत घालायचा नाही. लॅब, बीगल, कॉकर अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना दोन दिवसांत कानाला वास येऊ लागतो, तो ओल राहिल्यामुळेच. मग उजेडात बसवून गोचीड तपासा: कानाच्या घड्या, पापण्या, पट्ट्याखाली, बगला, बोटांच्या मधे, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, पेट्रोल, काडी लावू नका, तशाने ती पोटातला ऐवज आत ओकते. पुढचे तीन आठवडे जेवण आणि लघवी यांवर लक्ष ठेवा. कुत्रा मलूल झाला, नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की कुत्रा पवनेच्या काठी राहून आलाय, म्हणजे रक्ताच्या तपासणीत गोचिडांमुळे होणारे एर्लिचिया आणि बबेसिया, आणि लेप्टो हे तिन्ही आधी बघितले जातील.